प्लास्टिक काढायचं न्हाई

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाई. तीस वर्षं "अहो" आणि "हे" यांवरच संसार केला. पण आज नाव घेऊन सांगते, कारण त्याच नावाला चारचौघांत काळं फासलं. ईश्वरप्पा. मूळ गाव उदगीरकडचं, राहायला लातूर, काम ड्रायव्हरकी. सत्तावीस वर्षांत त्यांच्या गाडीखाली कुत्रं आलेलं न्हाई. अशा माणसाला डाळ मिलच्या आवारात, तीस हमालांसमोर, बेवडा म्हटलं.

आम्ही लिंगायत, त्यांच्या गळ्यात लिंग हाय. सकाळची पूजा झाल्याबिगर चहाचा घोट घेत न्हाईत. व्यसन म्हणाल तर तो चहाच. सुपारी बी खात न्हाईत, दात खराब होतात म्हणून. मी हे सगळं कशाला सांगून राहिले? खरं तर मला सांगायची गरज पडायला नको होती. पण पडली.

उदगीर-देगलूर रस्त्यावर जीप चालवायचे, तिथून मृत्युंजय अप्पांच्या वडिलांनी त्यांना लातुरात आणलं. अप्पांची डाळ मिल. तुरीची डाळ इथून कुठं कुठं जाते. जुनी गाडी होती तेव्हा तिची उजवीकडची काच पूर्ण वर चढतच नव्हती. वर्षानुवर्षं कोपर बाहेर काढून चालवल्यामुळं ह्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा. जेवायला बसले की मी चिडवायची, तुमचे दोन हात दोन भावांचे दिसतात. तेवढंच हसणं आमच्या घरात पुरायचं.

मागच्या दसऱ्याला अप्पांनी नवी गाडी घेतली. मोठी, पांढरी, आत सगळं काळं. शोरूमपासून मिलपर्यंत पेढे वाटले. चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढली. पूजा झाल्यावर अप्पांनी हुकूम सोडला, "ईश्वरप्पा, सीटवरचं प्लास्टिक काढायचं न्हाई. वैशाखात संगमेश्वरचं लग्न हाय. वरात ह्याच गाडीतून निघणार. तवर शोरूममधून आणल्यासारखी दिसली पाहिजे."

संगमेश्वर म्हणजे त्यांचा धाकटा. सोयरीक नांदेडची.

आता ह्यावर हसायला मला तोंड न्हाई. माझ्या घरातल्या मिक्सरवरचं स्टिकर मी अजून काढलेलं न्हाई. टीव्हीचा रिमोट पिशवीत घालून रबर लावलेला हाय, बटणं दिसत न्हाईत तरी. नवी वस्तू नवी ठेवायची, वापरली तरी वापरली न्हाई असं दाखवायचं, ही आमच्याकडची खोड हाय. पण रिमोटच्या पिशवीत माणूस बसत न्हाई. गाडीच्या बसतो.

त्या दिवशी ह्यांनी मलाबी दोन मिनिटं आत बसवलं. दार लावलं आणि तो वास आला. गोडसर, थोडा झोंबणारा. मी लांब श्वास घेतला आणि म्हटलं, "काय भारी वास हाय वो." जो बसायचा तो असंच म्हणायचा. नवा वास म्हणजे नवी गाडी, नवी गाडी म्हणजे मोठा माणूस. मुद्दाम छाती भरून घ्यायचे सगळे. पण ते दोन मिनिटं घ्यायचे आणि उतरायचे.

ईश्वरप्पा उतरत नव्हते. मिलच्या आवारात दिवसभर तुरीचा भुसा उडतो. गाडी धुऊन वळायच्या आत काचेवर पिवळा थर. म्हणून दुसरा हुकूम आला, काचा वर ठेवायच्या. पोरं येऊन रेघोट्या मारतात म्हणून तिसरा, गाडीजवळून हलायचं न्हाई, आतच बसायचं. उभ्या गाडीत एसी लावायचा न्हाई, हा चौथा, तो सांगायला बी लागला न्हाई. आणि रस्त्यावर एसी लावला तर बाहेरची हवा बंद, आतलीच हवा आत फिरवायची, ट्रकचा धूर येतो म्हणून. लातूरहून नांदेड म्हणजे तीन तास. लग्नाच्या बोलण्यांसाठी महिन्यात चार चकरा.

वरून समोर सेंटची बाटली चिकटवलेली. दर सोमवारी फवारा मारून आतलं सगळं चकचकीत करायचं. ते बी ह्यांनीच करायचं, काचा वर करून, भुसा चिकटेल म्हणून.

थंडीत त्यांना पहिल्यांदा दिसलं की पुढच्या काचेला आतून तेलकट थर येतो. बाहेरून न्हाई, आतून. रोज सकाळी पिवळ्या फडक्यानं पुसायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हाय. रविवारी ते फडकं घरी धुवायला यायचं. साबण लावला तरी फेस होत नव्हता. मी कुरकुर केली, "ह्याला काय फासलंय?" ते म्हणाले, "काचेचं हाय." मी धुतलं, वाळत घातलं, विसरून गेले. हातात येऊन बी कळलं न्हाई मला.

माघात डोकं दुखायला लागलं. मेडिकलमधून गोळ्या आणायचे, एक पाकीट चार दिवस. डोळे लाल. घरी आले की बोलताना जीभ जड. एकदा माझ्या भाचीचं नाव आठवेना त्यांना, अंजूचं, जिला खांद्यावर खेळवलं तिचं. मी म्हटलं, वय झालं. ते म्हणाले, "हाव, झालं असंल."

शिमग्याच्या आसपास शेजारची महानंदा नळावर म्हणाली, "अक्का, रागवू नका, पण तुमचे मालक आजकाल घेतात का? माझा भाऊ मिलला पोती उचलतो. गाडीतून उतरले की दाराला धरून उभे राहतात म्हणं. पोरं हसतात."

मी तिला तिथंच झापलं. आणि घरी येऊन काय केलं? संध्याकाळी हे आले, टॉवेल दिला, आणि देता देता त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. त्या दिवसांत त्यांनी एक नवंच काढलं होतं. पूर्वी हातपाय, तोंड धुवायचे आणि मग टॉवेल मागायचे. आता चप्पल काढली की सरळ माझ्यापुढं येऊन उभे, "टॉवेल दे." मग धुवायला जायचे. मी म्हटलं, दिमाग ठिकाणावर न्हाई माणसाचा. तोंडाला वास कधीच आला न्हाई. कपड्यांना मात्र तो गोडसर वास असायचा. आणि मी, तीस वर्षांची बायको, मनात म्हटलं की दारूचा वास लपवायला सेंट मारत असतील.

चैत्रातली गोष्ट. ऊन बेचाळीसला टेकलेलं. अप्पांना नांदेडला सोयऱ्यांकडं जायचं होतं, दहाला निघतो म्हणाले. हे दहापासून गाडीत, काचा वर. अप्पा दीड वाजता आले. गाडी मागं घेताना मागची बाजू फाटकाच्या खांबाला लागली. दिवा फुटला. एवढंच. हे खाली उतरले आणि पाय घसरला, हातावर पडले.

अप्पा म्हणाले, "प्यालास, ईश्वरप्पा?"

"न्हाई, मालक."

"डोळे बघ तुझे. उभं राहवंना तुला."

ह्यांनी शर्टात हात घालून लिंग मुठीत धरलं. म्हणाले, "ह्याची शप्पथ." आमच्यात ह्याच्यापुढं विचारायचं काही उरत न्हाई. अप्पा स्वतः लिंगधारी. त्यांना हे ठाऊक हाय. तरी त्यांनी फाटकावरच्या वॉचमनला हाक मारली, "दगडोबा, इकडं ये. ह्याच्या तोंडाचा वास घे."

चोपन्न वर्षांच्या माणसाला सांगितलं, फुंक. आणि ते फुंकले. समोर तीस हमाल पोती टाकून उभे. दगडोबानं नाक पुढं केलं, मग आधी अप्पांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "येतोय जी, थोडा."

किल्ली काढून घेतली. रिंग रोडनं उन्हात चालत घरी आले. मला सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. आणि मी काय म्हटलं माहीत हाय? मी म्हटलं, "खरं सांगा." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. ते बघणं मला अजून दिसतं.

चार दिवस घरी होते. आणि चौथ्या दिवशी डोकं दुखायचं थांबलं. डोळे पांढरे झाले. अंजूचा फोन आला तर नाव घेऊन बोलले. भाकरी दोनाच्या तीन झाल्या. दारू सुटलेल्या माणसाचे हात कापतात, मी गावात पाहिलेत. ह्यांचे हात कापेनात. मी कपडे धुवायला काढले, आठवड्याचे सहा शर्ट. सवयीनं हुंगले. पुढून घाम. पाठीकडून तोच गोड, झोंबणारा वास. सगळ्या सहा शर्टांना, फक्त पाठीला, जिथं सीट लागते तिथं. मग ते पिवळं फडकं हुंगलं. तोच. मी न्हाणीतच बसले. दारू माणसाच्या पाठीतून येत न्हाई, एवढं मला कळतं.

दोन शर्ट आणि फडकं पिशवीत घालून ह्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण पोरगी. इतक्या दिवसांत कुणी विचारलं न्हाई ते तिनं विचारलं, "दिवसभर कुठं बसता?" ह्यांनी सांगितलं. तिनं पिशवी उघडून वास घेतला आणि लगेच तोंड बाजूला केलं. म्हणाली, "मावशी, नव्या गाडीत आतलं सगळं प्लास्टिक, फोम, रेक्झिन आणि चिकटवायचा गम असतो. त्यातून वाफा सुटतात. ऊन जेवढं जास्त, तेवढ्या जास्त. काचा बंद, वर सीटला प्लास्टिक, सेंट, पॉलिश. आणि आत भट्टीसारखी उष्णता. डोकं दुखणार, डोळे चुरचुरणार, गुंगी येणार." रक्त तपासलं. पित्तबित्त, लिव्हर, सगळं धड. मी विचारलं, पुढं काही होईल का? ती म्हणाली, "सात महिने रोज आठ तास हे घेतल्यावर पुढं काय होतं, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण आता त्यात बसायचं नाही."

म्हणजे एका पोरीला पाच मिनिटांत कळलं. मग गाडी बनवणाऱ्याला माहीत नसंल? विकणाऱ्याला नसंल? ह्यांनीच मला मग सांगितलं, त्या प्लास्टिकवर इंग्रजीत काहीतरी छापलेलं होतं, संगमेश्वरनं एकदा वाचून दाखवलं होतं, वापरण्याआधी काढून टाका असं. अप्पा हसले होते म्हणं. म्हणाले, "ते छापतातच." ज्याला इंग्रजी येतं त्यानं वाचून हसायचं, ज्याला येत न्हाई त्यानं त्यावर बसायचं.

ईश्वरप्पा म्हणाले, "जाऊ दे. दुसरीकडं बघू." बघितलं. औसा रोडच्या एका डॉक्टरांना ड्रायव्हर पाहिजे होता, नाव ऐकलं आणि म्हणाले, कळवतो. एका शाळेच्या बसवर जागा होती, तिथला माणूस तोंडावर म्हणाला, लेकरांची गाडी हाय, जोखीम नको. तेव्हा मला कळलं, हा डाग धुतल्याबिगर ह्यांच्या हातात पुन्हा स्टिअरिंग येणार न्हाई. आणि ज्या आवारात तो लागला तिथंच धुवावा लागणार.

बाराच्या उन्हात आम्ही दोघं मिलला गेलो. हे फाटकाशीच थांबले. आत पाय टाकेनात. मी गेले. गाडी त्याच जागेवर, सकाळपासून बंद, काचा वर. अप्पा ऑफिसच्या ओट्यावर होते. मी डॉक्टरणीचा कागद पुढं केला. त्यांनी वाचला बी न्हाई. "वहिनी, डॉक्टर काय, म्हणाल ते लिहून देतात."

मी म्हटलं, "राहू द्या कागद. तुम्ही बसा गाडीत. अर्धा तास. काचा वर, एसी बंद. ह्यांना बसवत होता तसं."

हमाल थांबले. कुणी तरी मागून म्हणालं, "बसा की मालक, काय होतंय." अप्पा हसले. तीस माणसं बघून राहिली होती, न्हाई कसं म्हणतील? आधी सेंटची बाटली आणि पॉलिशची चमक पहिल्यासारखी हाय का ते बघितलं मी, होती. ते बसले, दार लावलं. ऑफिसातलं घड्याळ मला दिसत होतं.

पहिली पाच मिनिटं फोनवर बोलत होते. मग फोन ठेवला. मग वरचं बटण काढलं. आठव्या मिनिटाला रुमालानं डोळे पुसायला लागले. संगमेश्वर मध्ये पडला, "काकू, पुरे आता." मी म्हटलं, "दार काय कुलूप लावलेलं न्हाई, बाबा. त्यांना उतरायचं तर उतरतील. माझ्या माणसाला उतरायची परवानगी नव्हती." चौदाव्या मिनिटाला दार उघडलं. अप्पांनी पाय खाली टाकला, तो बरोबर पडला न्हाई. दाराला धरून उभे राहिले. डोळे लाल. पाणी मागायला गेले तर जीभ वळेना.

कुणी हसलं न्हाई. मी दगडोबाकडं वळले. "ये इकडं. मालकाच्या तोंडाचा वास घे."

तो जागचा हलला न्हाई. आणि फाटकातून कोण पळत आलं? ईश्वरप्पा. माठातला तांब्या घेऊन. म्हणाले, "मालक, खाली बसा. मान खाली घाला. पाणी एकदम पिऊ नका, उलटी होती. चक्कर लगेच उतरतीया, डोकं मात्र झोपेपर्यंत ठणकतं." अप्पांच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला इतका राग आला त्यांचा की मी तोंड फिरवलं. ज्यानं फुंकायला लावलं त्याची पाठ चोळून राहिला हा माणूस.

तेव्हा दगडोबा बोलला. खाली बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्या दिवशी बी वास नव्हता, मालक."

मी म्हटलं, "मग खोटं का बोललास?"

"पोटाचा सवाल हाय, अक्का."

मला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या त्याला दिल्या. त्यानं ऐकून घेतल्या.

अप्पा सावरले. पहिला शब्द काय, "ऊन लागलं मला." संगमेश्वरनं बापाकडं बघितलं, ऑफिसातून ब्लेड आणलं आणि सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. खाली सीट कुबट, पांढऱ्या बुरशीचे डाग पडलेले. सात महिने नवी ठेवली होती ती सीट.

निघताना अप्पा म्हणाले, "ईश्वरप्पा, उद्यापासून ये." ईश्वरप्पा म्हणाले, "येतो. पण त्या दिवशी जेवढे उभे होते तेवढे आत्ता हायत. त्यांच्यासमोर एकदा बोला, मी प्यालो नव्हतो म्हणून." अप्पांनी हमालांकडं बघितलं, आणि उठून ऑफिसात गेले. दार लावून घेतलं. एवढ्या वर्षांच्या चाकरीला एक वाक्य निघालं न्हाई त्यांच्या तोंडातून. हे प्याले नव्हते, ही गोष्ट हमालांनी मात्र गावभर नेली.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण शेवटी मला दुसरंच सांगायचं हाय. आता ते अर्धापूरहून केळीचा टेम्पो आणतात. जुना टेम्पो, काच अर्धीच वर चढते. सात महिन्यांत उजळलेला उजवा हात पुन्हा काळा पडत चाललाय. डोकं दुखलं की मी लगेच विचारते, आणि ते चिडतात.

त्या दुपारी मिलवरून ऑटोनं घरी निघालो. मी अजून दगडोबाला बोलूनच राहिले होते. कसा माणूस, नाकानं समजून बी खोटं बोलला. बोलता बोलता मला माझंच आठवलं. त्यानं निदान चारचौघांत कबूल केलं होतं. मी ह्यांना म्हटलं, "मला एक सांगायचं हाय. मी बी तुमच्या तोंडाचा वास घेत होते. संध्याकाळी, टॉवेल देताना."

ते बाहेर बघत होते. म्हणाले, "ठाऊक हाय."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून." मग म्हणाले, "म्हणून तर तोंड धुवायच्या आधी येऊन टॉवेल मागायचो. धुतल्यावर वास घेतला असतास तर तुला वाटलं असतं, घालवून आलो."